पडद्यावरचं गोल चित्र

न्हाई न्हाई सत्तारभाई, कॉम्प्युटरचं मशीन चालू हुतंय, पडदा बी उजळतोय — फक्त इंटरनेटचं ते गोल रंगीत चित्र हुतं ना, दोनदा दाबलं की उघडायचं, तेवढंच गेलंय. कशानं गेलं? मला काय ठावं — मी जनावरांचा व्यापारी, घोडेगावच्या बाजारात चाळीस वर्षं दावी धरली, मला यातलं काय कळतंय. मंगळवारी लाईट गेल्ती-आल्ती, त्यात गेलं आसंल. बघा तुमी निवांत. मंडळी वैरणीला गेलीय, ती यायच्या आत झालं तर बरं — आन् न्हाई झालं तरी माझी तक्रार न्हाई.

मशीन रविराजचं. एकुलता एक पोरगा. दीड वर्ष झालं त्याला घरातून जाऊन, तुमच्या नेवाशापतोर सगळ्यांना म्हाईत हाय. का गेला ते म्हाईत न्हाई कुणाला. त्यानं एक खोंड वाढवलं हुतं, बाटलीनं दूध पाजून, अन् मी ते शुक्रवारी बाजारात नेलं — त्याला न विचारता. गिऱ्हाईक चांगलं हुतं, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला, सौदा झाला. सवयच ती, हात थांबत न्हाई. संध्याकाळी पोरानं मोकळा खुंटा बघितला. मोबाईल हितंच टाकून गेला. हे मी कुणापुढं बोललो न्हवतो, आज कसं काय निघालं तोंडातून.

मग पोलिसात तक्रार दिली, हुडकत शिर्डी झाली, नाशिक झालं, पुणं झालं. माझी पुतणी पूजा, तिनं सांगितलं — काका, अनोळखी मयत सापडलं की पोलीस त्याचा फोटो इंटरनेटवर टाकतात. तिनंच असं करून दिलं की ते चित्र दोनदा दाबलं की थेट तेच पान यायचं. रविराजच्या आईला लिहिता-वाचता बेताचं, पण तेवढं शिकली. सकाळी धारा काढल्या की पदराला हात पुसून हितं बसायची. एकेक फोटो बघायची — तुमी आमी दोन बघून उठू, ती सगळे बघायची. शेवटी म्हणायची, न्हाई हो, आज बी न्हाई. त्या एका न्हाईवर तिचा दिवस जायचा. माझा बी जायचा.

काय म्हणता? लाईटनं असं हुत न्हाई? — खालच्या पट्टीवरचं बी काढलंय, कचऱ्याचा डबा बी रिकामा केलाय... मग कुणी केलं आसंल? घरात तर आमी दोघंच — व्हय. मीच काढलं. पूजाला फोन लावला, म्हणलं काकूला ताण हुतोय, कसं काढायचं ते सांग, ती सांगत गेली तसं मी करत गेलो.

ताण हुतोय म्हणून न्हाई काढलं, सत्तारभाई. नऊ दिवसांखाली तिला ताप हुता, म्हणाली आज तुमी बघा. बसलो मी. एक फोटो आला — पाण्यात सापडलेला, चेहऱ्यावरून काय कळत न्हवतं, पण उजवा हात दिसत हुता. करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली. पोराची नववीत असताना दाव्यात अडकून मोडली हुती, मीच हाडवैद्याकडं नेलं, वाकडी बसली ती बसलीच. मी जनावर एकदा बघितलं की दहा वर्षांनी शंभरात ओळखतो — भोवरा, शिंग, खूर, कधी चूक न्हाई. ही एक ओळख चुकावी म्हणून तो फोटो मी किती येळ बघत बसलो. फोटो नवा टाकलेला, पण मयत सापडल्याची तारीख दोन महिन्यांपूर्वीची, म्हंजी बेवारस म्हणून पोराचं उरकलं बी आसंल. चौकशीला गेलो न्हाई मी. माझी छातीच हुईना. तिला हितूनच सांगितलं — न्हाई गं, आज बी न्हाई. ती म्हणाली, देव पावला. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत पूजाला फोन लावला.

अन् आता बघा काय झालं. ती रोज येऊन बसतीच. दाबायला काय न्हाई, तरी बसती. म्हणती, आजचे बघायचे राहिले, आजच आला आसंल तर? आठ दिवस झाले, धड जेवत न्हाई. काल म्हणाली, माणूस आणा न्हाईतर मी चालत नेवाशाला जाते. म्हणून तुमाला बोलावलं — दुरुस्तीला न्हाई. तुमी फक्त तिला सांगायचं, मशीन गेलं, आता काय हुत न्हाई. तुमचं ऐकंल ती. माझं तोंड बघितलं की तिला कळतंय, म्हणून मी हल्ली तिच्यापुढं—

चित्र परत बसवलं? कधी? मी बोलत हुतो तवा? — काढा. सत्तारभाई, पाया पडतो, काढा ते. कुठं दाबू, सांगा, मीच—

आलीस? ...व्हय. हे सत्तारभाई, नेवाशाचे. झालं, व्हय. आलंय परत. हात तर धू, वैरणीचे हायेत. बरं. बरं, उठतो मी. बस.

तुमी निघा आता, सत्तारभाई. दार तेवढं ओढून घ्या.