आफ्रिका म्हणजे कुठलं गाव?

आधी तो कापडी फलक खाली उतरवा. "सौ. शैला आफ्रिकेस जात असल्याबद्दल शुभेच्छा" म्हणे! आफ्रिकेस म्हणजे कुठे? उद्या कुणी "आशियाचं तिकीट द्या" म्हणाला, तर त्याला दादर स्टेशनात काय देतील?

हं. आता रीतीचं बोलते. मंडळाचे अध्यक्ष कुशाबा, शेजारी बसलेले जगदीश मास्तर, लग्न जुळवणारे शरच्चंद्रराव, लालबागच्या आपल्या चाळीतल्या आयाबाया आणि मागे विड्या ओढत उभे असलेले बाप्ये, सगळ्यांना शैलाच्या आजीचा नमस्कार. मी दुसरीपर्यंत शिकले. तेवढ्या शिक्षणावर तुमची भाषणं ऐकली आणि डोकं उठलं.

कुशाबा म्हणाले, तिकडे वाळवंट आहे, पोरी, पाणी जपून वापर. मास्तर म्हणाले, घनदाट रान आहे, पाऊस थांबत नाही. शरच्चंद्ररावांनी तर बर्फाचा डोंगर काढला. अहो, माझी नात एक, बोट एक, आणि तिला तीन ठिकाणी पाठवताय?

मास्तरांना मघाशी विचारलं, "यातलं खरं कुठलं?" म्हणाले, "आजी, तिन्ही खरं. खंड मोठा आहे." मोठा आहे तर मग एका शब्दात का गुंडाळता? माणसं कशी, तर म्हणे काळी. झालं? मास्तरच सांगतात, तिथे शेकडो भाषा आहेत. इथे मराठी-गुजराती एका राज्यात कोंबली तर आपण रस्त्यावर उतरलो, आपली पोरं गोळ्या खाऊन पडली. बेळगाव-कारवार म्हणताना तुमचे घसे बसतात. आणि त्यांचा नकाशा बघा, रेघा पट्टीनं मारल्यासारख्या! नदी अशी सरळ वाहते होय? गोऱ्यांनी टेबलाशी बसून वाटण्या केल्या, घरातल्या माणसांना विचारलंच नाही. हे तुम्हाला तरी समजायला हवं होतं.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. बघण्याच्या दिवशी कुशाबांनी नवऱ्यामुलाला, जयवंतरावांना विचारलं, "गाव खंयचा?" त्यांनी झटकन सांगितलं, "उभादांडा, वेंगुर्ला." झालं! कुशाबांचं आजोळ शेजारचं निघालं, कलमं निघाली, देऊळ निघालं, सुपारी फुटली. आपल्या लोकांची खोडच ती. जन्म चाळीत गेला तरी गाव लालबाग म्हणून कुणी सांगत नाही. पण पोरगी काय उभ्यादांड्याला नांदणार आहे? नवरा राहतो कुठे, हे एकानं विचारलं नाही. हळद उतरायच्या आत जयवंतराव बोटीत बसले. तेव्हापासून त्यांची खुशाली फक्त शरच्चंद्ररावांच्या तोंडून.

काल मी या शरच्चंद्ररावांना विचारलं, "मोंबासाला उतरल्यावर पुढे कुठे?"

"आत."

"आत म्हणजे?"

"आजी, तुम्हाला सांगून काय कळणार? आफ्रिकाच की ती सगळी."

मला नाही कळत, कबूल. पण मास्तर म्हणतात, मोंबासाच्या आत एका मुलखात जमिनीवरून गोऱ्यांशी झगडा पेटलाय, कर्फ्यू आहे, माणसं तारांच्या कुंपणात डांबलीत. शेजारच्या मुलखात तसं काही नाही. मग हिची गाडी कुठल्या बाजूला वळणार? परवा बोट सुटते आणि हे पोरीलाच ठाऊक नाही! शैला मघापासून पदर ओढते आहे. "आजी, चारचौघांत नको गो." चारचौघांतच बोलणार. घरात विचारलं की हे चहा पिऊन निघून जातात. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर मी कुठल्या गावाचं नाव घेऊन तिला शोधू?

तुम्ही सगळे कामं टाकून आलात, पोरीची ओटी भरलीत, उपकार मानते. माझं तोंड तिखट आहे, कुणाला लागलं असेल तर पोटात घाला.

शरच्चंद्रराव, तो कप खाली ठेवा आणि उभे राहा. मुलूख कुठला, गाव कुठलं, तिथे बाईमाणूस सुखानं राहू शकते का? मास्तर, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. कुशाबा, तुम्हीही नाही. उत्तर यांनीच द्यायचं.