खेकडा कडक होईपर्यंत

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य पंजाबराव सर, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, सत्कारमूर्ती पुष्पांजली मॅडम, सहकारी मित्रहो आणि विद्यार्थ्यांनो,

यंदा या सभागृहात निरोपच फार झाले. शाल येते, माणूस जातो, जागा रिकामी राहते. प्राणिशास्त्र विभागात उद्यापासून मी एकटाच. त्यामुळे उत्साहाने बोलता आलं नाही तर समजून घ्या.

मॅडमच्या विद्वत्तेवर सगळे बोलले. मी आज सकाळचं सांगतो. धाडच्या बाजारातून आणलेली खेकड्याची एक मादी आम्ही वेगळ्या टाकीत ठेवली आहे. आपले परिचर उकंडराव ओरडत आले, "मॅडम, एकाचे दोन झाले! अन् एक मेला न!"

"मेला नाही हो. तिनं कपडे बदलले. दार लावा."

"मंग हे जुनं फेकून देऊ?"

"राहू द्या. जेवण आहे तिचं."

"आपलेच कपडे खाते काय बे?" हा 'बे' भिंतीला होता, मॅडमना नव्हे. हसा, उकंडराव.

खाते. शरीर वाढतं, कवच वाढत नाही. डोळ्यांच्या देठातला एक स्राव कात टाकणं रोखून धरतो. तो ओसरला की ती जुन्या कवचातला थोडा चुना रक्तात ओढून घेते, पाण्याने फुगते आणि मागच्या बाजूने बाहेर पडते. जठराचं अस्तरसुद्धा टाकून येते. मग काही दिवस इतकी मऊ, की पायांवर धड उभी राहत नाही. अशा वेळी इतरांत टाकली तर बाकीचे खेकडे तिला फाडतात.

आणि उद्या प्रयोगशाळेची खोली रिकामी करायची आहे. सगळे खेकडे एका बादलीत जाणार, कारण संगणक येणार.

हे इथं बोलावं का, हे सकाळपासून स्वतःला विचारतो आहे. कार्यालयात बोललो असतो तर सर "बघू" म्हणाले असते. आता आपल्या प्रथेप्रमाणे मॅडम नारळ आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हाती देतील. सर, मी नारळ घेतो, किल्ली घेत नाही. आठवडाभर ती मॅडमकडेच राहू द्या. संगणक खोक्यात राहिले तरी त्यांना कुणी खात नाही.

मॅडम, तुमची तुलना खेकड्याशी केली असं मानू नका. पण उद्याही या.

आयोजकांचे आभार. निरोपाच्या भाषणात मागणी करणं शोभत नसेल, तर चूक माझी. क्षमा करा सर, पण उत्तर इथंच द्या.