दाजीच्या जीपचे चार दिवे

आमी मूळचे टेंभुर्णीकडचे. बाप मेंढरं राखायचा, मला मेंढरामागं फिरायचं काही जमलं न्हाई, मंग जुन्या जालन्यात एका मिस्तरीच्या हाताखाली गाड्यांची वायरिंग शिकलो, आन् तीस-बत्तीस वर्सं झाली, तेच करून राह्यलो. हात चांगलाय मपला, मीच सांगतो. पण एक दिवस असाबी आल्ता, काय सांगू तुम्हाला.

मला पाठची एकच बहीण, कौसा. भोकरदनला दिलेली. तिचा मालक, आमचे दाजी, मानूस वाईट न्हाई, पण तोंड लई. तुझ्या माहेरच्यायला काय येतंय, हे रोजचं. त्यांच्या बापाची जुनी जीप हाये, मपल्या वयाची आसंल, पोळ्याच्या बैलावाणी जपतेत तिला. त्या वक्ताच्या गाड्यायला चारी लाइट एकदम लुकलुकायचं बटन नसायचं. बंद पडली का मागं दगडं मांडायचे, झाडाची फांदी टाकायची, झालं. कौसाच म्हणली, दादा, ही कुठंबी बंद पडती, मला लई भ्या वाटतं, ते लाइट बसवून दे.

मंग एक दिवस दोघं जालन्याला आल्ते तर दुपारपस्तोर बसवून दिले. दाजीनं बटन वढलं, चारी लाइट टकटक, बिलकुल खूश. आता दगडं उचलायची कटकट गेली म्हणले, आन् बाजार करून गावाकडं जातो म्हणून निघाले.

चारच्या सुमाराला एक कारवाला आला, बटन चालू ठिवून, चावी काढून चहा प्यायला गेला, आन् त्याच्या गाडीचे लाइट चालूच. म्या बघतच राह्यलो. आरं देवा, दाजीच्या गाडीला करंट म्या चावीवरून घेतला. हे लाइट सरळ बॅटरीवरच घ्यायचे, हे तर शिकाऊ पोरालाबी कळतं. चावी काढली का चारीच्या चारी बंद. आन् दाजीची सवय मला बराबर ठाव, इंजिनात हात घालायच्या आधी चावी खिशात.

दाजीला फोन लावला, उचलंना. परत लावला, उचलंना. मोटारसायकल काढून भोकरदन रोडनं निघालो, समोरून येणारा एकेक ट्रक बघायचो, ह्यानंच तर ठोकली नसंल ना, रस्त्यात चार मानसं उभी दिसली का थांबून बघायचो. देवाला म्हणलं, मपला हात घे, पण तिला राहू दे.

दिवस मावळायला आल्ता. एका वळणाच्या पुढं नाल्यावर अरुंद पूल हाये, तिथं जीप उभी. बॉनेट वर, दाजीचं डोकं इंजिनात. एकबी लाइट पेटलेला न्हाई. आन् जीपच्या मागं वीस पावलं, रस्त्याच्या मधोमध मपली बहीण, पदर हातात धरून हलवून राह्यली. तेवढ्यात मला मागं टाकून एक ट्रक जोरात गेला, हॉर्न वाजवत नीट तिच्याकडं, ती हालली न्हाई, ट्रकच कसातरी बाजूनं निघाला.  मोटारसायकल तिथंच टाकून पळालो, तिला कडंला वढली, म्हणलं येडी झाली का तू.

ती हळूच म्हणली, दादा, गप. चावी काढली तशी टकटक थांबली, मी वळखलं, पण लाइट बंद हायेत हे त्यांना ठाव न्हाई. पुलावर दगड न्हाई, झाड न्हाई, काय करू. मळमळतंय असं त्यांना सांगून मी खाली उतरले. सांगितलं आस्तं तर जन्मभर तुला नावं ठिवले आस्ते.

एवढ्यासाठी. काय सांगू तुम्हाला, एवढ्यासाठी ती ट्रकाम्होरं उभी राह्यल्ती. दाजीला सांगायला म्या तोंड उघडलं, तर तिनं मपला हात दाबला. मंग इकडंच काम होतं म्हणून दाजीला सांगितलं, गाडी ढकलून पुलाच्या पार नेली, आन् दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून म्या वायर बदलून टाकली.

आता वरीस होत आलं. दाजी चार मानसात बसले का सांगतेत, मेव्हण्याच्या लाइटीनं वाचिवलं आमाला. कौसा खाली मान घालून चहा देती. म्याबी मान घालून पितो. अजून रोज दुकानात गाडी सोडायच्या आधी चावी काढून चारदा बघतो, तरी त्या ट्रकाचा हॉर्न कानात वाजतो.

तुमी हे बराबर असंच लिहा. दाजीनं वाचलं तर वाचू द्या, मला काय बोलायचं ते बोलू द्या. मपल्या बहिणीला मातर एक शब्द बोलू नका म्हणा.