खुर्चीवरची फ्रेम

तुम्ही हासान, पण सानगडीच्या त्या लग्नात माह्या अंगावर काटा आला होता. माहा कॅमेरा आदल्या दिवशीच बंद पडला, म्हणून दोस्ताचा नवा घेऊन फोटो काढाले गेलो. त्यात एक हिरवा चौकोन येते, तो स्वतःच चेहरा शोधते आणि तोच चेहरा साफ काढते. ते बंद कसं कराचं, मले ठाऊक नाही!

स्टेजवर नवरा-नवरीच्या मागं, खुर्चीवर नवरीच्या वारलेल्या बापाच्या फोटोची फ्रेम ठेवली होती. मी नवरीवर कॅमेरा धरला की चौकोन उडी मारून बापावर. हार घालतानाही तेच. नवरा-नवरी धुकट, अन् बापाच्या मिशीचे केससुद्धा मोजून घ्या!

तेवढ्यात नवरीची माय आली. "दाखव ना गा भाऊ."

"काकू, गलती झाली. पुन्हा हार घालाले लावा, मी पुन्हा काढतो."

तिनं स्क्रीन डोळ्याजवळ धरून पाहिली. मग हासली.

"राहू दे. पोरीचा बाप जितेपणी एकाही फोटोत हलल्याशिवाय राहिला नाही. आज पाहा, सारे हलले, हा तेवढा नाही हलला."