कैरी बाहेर आहे

सगळ्यांच्या आधी आली ती आंबिवलीची मायलेकरं. तेव्हा सतरंज्यासुद्धा अंथरल्या नव्हत्या, अध्यक्षांची खुर्ची पाटलांकडून यायची होती, आणि मी ओसरीवर लाडू वळत बसले होते. हौसाबाई आणि तिचा मुलगा धाकू. डोक्यावर कैऱ्यांची पाटी. पण थांबा, माझी ही खोडच आहे. मास्तर नेहमी म्हणतात, आजी, तुम्ही पंगत बसायच्या आधी विडा वाटता. तर रीतीने सुरुवात करते.

सभेचे अध्यक्ष श्रीयुत विश्रामपंत, ठाण्याहून गाडीने आलेली प्रतिष्ठित मंडळी, आपल्या या पोरांच्या धर्मशाळेचे श्रीपाद मास्तर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत, पुढे बसलेले पुरुष, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माझ्या आयाबहिणी, आणि खांबाला लोंबकळणारी माझी चाळीस नातवंडं, सगळ्यांना गंगुबाईचा नमस्कार. बाईमाणसाने सभेत उभं राहावं का, याची गावात आठ दिवस चर्चा झाली म्हणे. झाली असेल. वीस वर्षं मी या घरात पिठलंभात शिजवला, त्याची चर्चा कोणी केली नाही. आज मला बोलायला सांगितलं, याचा मला फार आनंद झाला आहे. हा कागदही मीच लिहिला. अक्षरं इथल्या पोरांच्या पाटीवर शिकले, म्हणून ओळी उतरणीला लागल्या आहेत.

मास्तर आता लेकीकडे ठाण्याला जाणार. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, वहीतलं दिसेनासं झालं. तुम्ही शाल द्याल, नारळ द्याल, द्यायलाच हवं. पण मास्तरांनी या घरासाठी नेमकं काय केलं, हे विचाराल तर मी म्हणेन, त्यांनी एक प्रश्न केला.

इथे नवं मूल आलं की वहीत तीन गोष्टी लिहायच्या, ही पहिल्यापासूनची रीत. नाव काय, गाव कोणतं, सोबत कोण. पुढे मास्तरांनी चौथी घातली. बाहेर कोणी आहे का? आणि मूल हो म्हणो, नाही म्हणो, गप्प राहो, आपल्यापैकी एकाने उठून बाहेर जायचं, भिंतीला वळसा घालून बघून यायचं. पावसातसुद्धा. मी कुरकुर केली आहे, खोटं कशाला बोलू? एकदा एका मुलाने मान हलवली, मी धावत गेले, तर पिंपळाला शेळी बांधलेली. मास्तर म्हणाले, "तिलाही आत घ्या, सोबतच आहे ना?" तिचं दूध पुढे तीन वर्षं पोरांनी प्यायलं. पण त्याच प्रश्नाने अकरा मुलंही आत आली. कोणाचा भाऊ बैलगाडीखाली निजलेला, कोणाची बहीण लाजून मागे राहिलेली. ठाण्याची मंडळी विचारतात, ही रीत तुम्हाला सुचली कशी? मास्तर हसून विषय बदलतात. एकोणीस वर्षं बदलत आले आहेत. आज त्यांना बदलू द्यायचा नाही.

धाता संवत्सरातला, वीस वर्षांमागचा तो दुष्काळ. देशावरची माणसं घाट उतरून येत होती, काही गाडीने, बरीचशी पायी. पुढच्या चैत्रात एका सकाळी दारात एकटी मुलगी उभी राहिली. चार-पाच वर्षांची असेल. मास्तरांपुढे तेव्हा दहा मुलं ओळीने बसलेली. ते म्हणाले, "आजी, एवढीला तुम्ही विचारा, मी लिहून घेतो." मला केवढा मान वाटला. विचारलं. नाव म्हणाली, तुळसा. गाव तिला सांगता येईना. सोबत कोण आहे म्हटलं, तर म्हणाली, "केरी. केरी भाईर हाय."

आपल्या अंगणातला आंबा तुम्ही येताना पाहिलात. त्या वर्षी तो नुसता लगडला होता. मला वाटलं, पोरीने झाड पाहिलं, भुकेली आहे, कैरी मागते आहे. आपल्याकडे घाईत केरीच म्हणतात की. मी हसले आणि मास्तरांना सांगितलं, "सोबत कोणी नाही, लिहा. कैरी मागते आहे." मास्तरांनी लिहिलं, कोणी नाही. मी एक कैरी कापली, मीठ लावलं, तिच्या हातावर ठेवली. ती रडायला लागली. मी म्हटलं, आंबट लागली असेल. दुसरी दिली. तिने तीही हातात धरून ठेवली आणि दाराकडे बघत म्हणाली, "केरी भाईर हाय." मी आणखी एक कापली.

तीन महिने ती ते म्हणत होती, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती गंमत सांगत होते. मग दळणाला ठमाबाई आली, नगरकडची. आता ती नाही. तिने एक दिवस जातं थांबवलं आणि म्हणाली, "आजी, ही कैरी न्हाय म्हणत. आमच्याकडं पोरं जगत न्हाईत तवा जल्मल्याबरूबर केरात लोळिवत्यात, म्हंजी मरणाला वाटावं हे टाकल्यालं हाय. पोरगा आसला तर केरू, पोरगी आसली तर केरी. हिची भन आसंल ती."

मी सूप तसंच टाकून उठले. तुळसाला कडेवर घेऊन आम्ही भिंतीभोवती फिरलो, स्टेशनपर्यंत गेलो. तीन महिन्यांनी. काय सापडणार? मास्तरांनी त्या दिवशी वहीत चौथा रकाना आखला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "वही माझी, चूक माझी."

तुळसा, तू चिकाआड बसली आहेस, मला तुझा पदर दिसतो आहे. आता तू धाकट्यांना अक्षरं शिकवतेस. दर चैत्रात सगळी कैरी खातात आणि तू पान सरकवतेस. मागे एकदा मला म्हणालीस, "आजी, बहीण बाहेर उभी होती आणि मी खायला मागितलं." तेव्हाही मी तुला खरं सांगितलं नाही. ती गंमत मीच सांगत फिरले होते, तीच ऐकत तू मोठी झालीस. बाळा, तू खायला मागितलं नव्हतंस. तू बरोबर सांगितलं होतंस, पहिल्याच प्रश्नाला, आणि नंतर तीन महिने. ऐकलं चुकीचं ते मी. मास्तर गेल्यावर हे जाणणारी मी एकटीच उरणार होते, आणि एकट्याने जाणलेली गोष्ट माणूस हळूहळू पुसून टाकतो. मला माझा भरवसा नाही. दुपारी सामसूम झाली की आजही दाराशी तो आवाज येतो, आणि मी उठून बघून येते. सून म्हणते, वय झालं.

तर आज सकाळी ती पाटी उतरवून हौसाबाई म्हणाली, "आजी, इचारनारा मास्तर चालला असं दवंडीत आयकलं. तो गेल्यावर मी सांगू कोनाला?" त्या चैत्रात ती भाजी घेऊन इथे कल्याणला आली होती. आपल्या मागच्या भिंतीच्या सावलीला दोन वर्षांची पोर बसलेली. "दुपारपातूर बसली मी तिच्याजवल. आतनं कोनी इचारायला आला नाय. आनि मना लेक नव्हती." एवढं बोलून ती पदराने तोंड पुसत राहिली. मग धाकू म्हणाला, "आयनं नाव इचारलं, त केरी बोलली. आयला वाटलं, भुकेली हाय, कैरी मांगते. मंग आमी तिला कैरीच बोलाय लागलो. आजून कैरीच बोलतो."

म्हणजे भिंतीच्या आत मी आणि भिंतीच्या बाहेर हौसाबाई, दोघींनी एकाच दिवशी एकच चूक केली.

ती आहे. माजिवड्याला दिली आहे, दोन मुलं आहेत. हौसाबाई म्हणते, घरात म्हणून बसत नाही. निवडणं-टिपणं सगळं उंबऱ्यावर, तोंड रस्त्याकडे. का, ते तिलाही सांगता येत नाही. मी हौसाबाईला रागावणार होते. कोणत्या तोंडाने रागावू? लाडू दिला आणि म्हटलं, आता थांबा, तुळसाला मी सांगते. घरात सांगायला बसले, तर जीभ उचलेना. इथे तुम्ही सगळे आहात, आता मला माघारी फिरता यायचं नाही, म्हणून सभेत सांगितलं. मास्तर, तुमच्या समारंभात मी माझंच रडगाणं लावलं. पण तुमच्या वहीतली ती ओळ खोटी होती आणि ती मी सांगितली होती, हे तुम्ही इथे असतानाच बोलायला हवं होतं.

विश्रामपंतांनी बोलू दिलं, ठाण्याच्या मंडळींनी घड्याळ काढलं नाही, पाटलांनी खुर्ची दिली, सगळ्यांची मी आभारी आहे. शब्द मागेपुढे झाले असतील, मोठ्यांची नावं घ्यायची राहिली असतील, ते सभेने पोटात घालावं. बाकीची माफी सभेकडे मागायची नाही. ती तुळसाची आहे, तिला वाटेल तेव्हा, वाटली तर.

कैऱ्यांची पाटी स्वयंपाकघरात झाकून ठेवली आहे. कोणी हात लावू नये. हौसाबाई आणि धाकू माजिवड्याला जाऊन तिला घेऊन येणार आहेत. मास्तर, त्या दिवशी तुम्हीही या. वही उघडायची आहे, दिसत नसलं तरी चालेल. मी चुलीपाशीच बसेन. बाहेर कोणी आहे का, हे बघायला तुळसा जाईल. अक्षय्यतृतीया, सकाळची गाडी.