बोटीचं पोट

थंडीसाठी बोटी पाण्याबाहेर काढायचा दिवस. क्रेनच्या रांगेत माझ्यापुढे अल्फहिल्ड आणि बिर्गेर, धक्क्यावरचे जुने शेजारी.

"अल्फहिल्डबाई, उन्हाळाभर बुड्या मारून बोटीचं पोट ब्रशनं घासत होतात. आता बघू, तळाला किती शिंपले चिकटलेले निघतात!"

"बघा की. पण आधी तुमची बोट चाललीय वर, बिर्गेरराव."

"माझ्या बोटीचं काय बघायचं? शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंगाचे दोन हात दिलेत. शिंपल्याची काय बिशाद!"

"अगं बाई! नुसते शिंपले लोंबतायत! ही बोट आहे की दाढीवाला बोकड?"

"यंदा बाल्टिक समुद्राचं पाणीच खराब होतं."

"हो ना. आता माझी बघा, त्याच पाण्यातली."

"आरशासारखी! एकसुद्धा शिंपला नाही?"

"एकसुद्धा नाही. मी ताडपत्री बांधून घरी चालले, तुम्ही बसा खरवडत."

"एकटीनं घासलीत एवढी?"

"छे! तुमची मायकेन असायची ना रोज जोडीला."

"माझी बायको? मग तिनं आमची बोट का नाही घासली?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, ह्यांच्या रंगाचा अपमान कशाला करू?"