मधुकररावांची मशीन

अठ्ठ्याऐंशी साली वरठी स्टेशनच्या बाकावर कारखान्याच्या ऑफिसातले दोन बाबू बोलत होते. शेजारी बसलेल्या आनंदाबाईंनी कान टवकारले.

“श्रावणभाऊ, नाव टाकलं का कम्प्युटर लय वेळ रुसून बसे. काहून, समजलं आज.”

“काहून?”

“साऱ्या मशिनी तारेनं जोडल्या. नाव टाकलं का आधी आपल्या ऑफिसातल्या मधुकररावाची मशीन शोधते. जुन्या फायली तिच्यात हायेत ना! नाही भेटली, का थकून मंग आपल्याले आत घेते.”

“पण मधुकरराव तर वारले!”

“म्हणून तर आपण त्यांची मशीन बंद करून तिले हार घातला.”

आनंदाबाईंना राहवलं नाही. “मशीन गेलेल्या माणसाची वाट पाहे, बाबू?”

“हो मावशी. आज तिचं बटन दाबलं, अन् सारं पटापट उघडलं.”

“अन् हार?”

“तसाच हाय. आता रोज पहिले त्यांची मशीन लावू, मंग आमची.”